माझ्या लग्नाच्या पाचशे पंचवीस रेघा

माझ्या जावेचं लग्न मी आजवर निदान दीडशे वेळा पाहिलं असेल. माझं स्वतःचं एकदाही नाही. वास्तविक दोन्ही लग्नं एकाच दिवशी, एकाच मांडवात, एकाच मुहूर्तावर लागली. भटजीही एकच होते. तरी तिचं लग्न रंगीत आहे आणि माझं नाही, ही गोष्ट मी अठ्ठावीस वर्षं मनात ठेवली आहे. मनात म्हणजे आपलं बोलायची पद्धत. घरात सगळ्यांना माहीत आहे.

केनवडचे दोन भाऊ, थोरले बबनराव आणि धाकटे आमचे हे, गोविंदराव. दोघांची लग्नं एकदम उरकायची ठरली. थोरल्यासाठी जऊळक्याची ज्योत्स्ना पाहिली, धाकट्यासाठी इंझोरीची मी. केनवड, जऊळका आणि इंझोरी ही तीन तोंडं तीन दिशांना, म्हणून मधलं वाशीम धरलं आणि उन्हाळ्यात बंद असलेल्या कापसाच्या एका जिनिंगच्या आवारात मांडव घातला. आमच्या सासूबाई रंगूबाई यांच्या माहेरची एक रीत आहे. एका मांडवात दोन नवऱ्या असल्या, तर हळद उतरेपर्यंत त्यांनी एकमेकींना पाहायचं नाही. म्हणून मांडवाच्या मधोमध सतरंज्या जोडून पडदा लावला होता. पडद्याच्या पलीकडे ज्योत्स्ना, अलीकडे मी. भटजी मध्ये उभे राहून दोन्हीकडे अक्षता उडवत होते.

ज्योत्स्नाच्या वडिलांनी जऊळक्याहून व्हिडिओवाला सोबतच आणला होता. तो अर्थातच पडद्यापलीकडे. माझ्या बाबांना व्हिडिओ म्हणजे सिनेमावाल्यांचं काम वाटायचं, त्यांनी तो विषयच काढला नाही. तेव्हा यांचे एक आतेभाऊ अमेरिकेहून आले होते. त्यांच्या खांद्यावर एवढा मोठा कॅमेरा. ते म्हणाले, "धाकट्याचं मी घेतो, माझ्याकडून भेट." सगळी वऱ्हाडी मंडळी पडद्यापलीकडची अलीकडे आली, कॅमेरा बघायला. माझ्या आयुष्यात जावेच्या पुढे असण्याचा काळ एवढाच, साधारण दीड तासाचा.

पाठवणी झाल्यावर आतेभावांनी कॅमेऱ्यातून कॅसेट काढली, माझ्या हातावर ठेवली आणि आठ दिवसांनी ते विमानात बसले.

पुढे दिवाळीत रिसोडहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणला. अंगणात अर्धं गाव. पहिले ज्योत्स्नाचं लग्न लावलं. गुलाबी शालू, पिवळ्या मुंडावळ्या, सगळं जिथल्या तिथं. मग माझी कॅसेट आत घातली. आधी मुंग्या आल्या. मग काळंपांढरं काहीतरी दिसलं आणि ते वर सरकायला लागलं. माझे पाय वर, त्यांच्या खाली एक पट्टा, आणि पट्ट्याखाली माझं डोकं. डोकं वर गेलं की खालून पुन्हा पाय. आवाज तर त्याहून. सगळं जड आणि संथ, मंगलाष्टकं म्हशीनं म्हटल्यासारखी. अंगणात आधी एक जण फसकन हसला आणि त्याच्या मागे सगळं अंगण.

ज्योत्स्ना हसली नाही. तिनं पदर तोंडाला लावला आणि सासूबाईंना म्हणाली, "मामीजी, वैजाचं लग्न खालून वर लागलं वाटते."

हे वाक्य पुढं गावात माझी ओळख म्हणून वापरलं गेलं.

आता दुसऱ्याच्या लग्नात गुलाबी शालू असेल तर असो. माझं खरं दुखणं निराळं होतं. ज्योत्स्नाच्या कॅसेटमध्ये शेवटी पाठवणी आहे. तिचे वडील खांबाला टेकून रडतात. चार मिनिटं रडतात. रुमाल काढतात, डोळे पुसतात, पोरीच्या डोक्यावर हात ठेवतात, पुन्हा रडतात. मागे सनई. हे चार मिनिटांचं रडणं पाहून आमच्या घरातलं प्रत्येक माणूस रडलेलं आहे, पाहुणे रडले आहेत, एकदा विम्याचा एजंट रडला आहे. आणि रडून झालं की सासूबाई डोळे पुसत म्हणतात, "बाप असावा तं असा. इंझोरीवाला तं कोरडाच होता. गाडीवाल्याशीच बोलत बसला."

मी दर वेळी सांगायची, माझे बाबाही रडले होते, खूप रडले होते. ठणकावून सांगायची. खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. मी पदर नाकापर्यंत ओढला होता आणि स्वतःच एवढी रडत होते, की बाबा कुठं आहेत, काय करताहेत, हे मी पाहिलंच नाही. लग्नानंतर सहा वर्षांनी बाबा गेले. विचारायचं राहून गेलं. आणि असं बापाला विचारायचं तरी कसं, की तुम्ही माझ्या पाठवणीला रडला होता काय?

उत्तर कॅसेटमध्ये होतं आणि कॅसेट कपाटात होती.

यंदा लग्नाच्या वाढदिवसाला ज्योत्स्नानं ते रडणं मोबाईलच्या स्टेटसला लावलं. तिनं कॅसेट केव्हाच मोबाईलात उतरवून घेतली आहे. सनई काढून एक दर्दभरी बासरी घातली होती. सकाळी दहापर्यंत झाडून सगळ्या नातेवाईकांनी हात जोडले. मीही जोडले, जोडावे लागतात. मग घरच्या ग्रुपवर कुणीतरी विचारलं, की त्याच दिवशी वैजाकाकूची पण पाठवणी झाली ना, ती कुठं आहे? त्याला ज्योत्स्नानं एक हसरं तोंड पाठवलं. फक्त तोंड. मी तिथंच कणकेचा हात धुतला आणि कपाट उघडलं.

कॅसेटला आतून पांढरी बुरशी आली होती. शेजारच्या गोमतीबाई म्हणाल्या, तिले उन्हात घाल. त्यांच्या जावयानं सांगितलं, ऊन लागलं तर पट्टी वितळते, फ्रीजमध्ये ठेवा. ती दोन दिवस फ्रीजमध्ये दह्याशेजारी राहिली. मागच्या घरच्या धुरपताबाईंना वाटलं कडुनिंबाची धुरी द्यावी, कारण त्यांच्या ज्वारीला त्यानं कीड लागत नाही. प्रत्येकीचा सल्ला मनापासून होता आणि प्रत्येकीला एकच कुतूहल होतं, की लग्न वर सरकत होतं ते अजून सरकते काय.

ऋषिकेश, आमचा मुलगा, पुण्यात असतो. त्याला कॅसेट कुरिअर केली. त्यानं ती एका मोठ्या स्टुडिओत दिली. तिथल्या माणसानं काचेमागून सांगितलं म्हणे, की कुठलीही कॅसेट द्या, होऊन जाईल. झाली. पंधरा दिवसांनी पेन ड्राइव्ह आला. मी दार लावून टीव्हीला लावला. पडद्यावर दोन लाल बदाम उमलले, आमची दोघांची नावं सोनेरी अक्षरात फिरली, कबुतरं उडाली, आणि मग अत्यंत स्वच्छपणे, बुरशीचा एक ठिपका नसलेले माझे पाय वर सरकायला लागले. म्हशीचा आवाज त्यांना बहुधा बिघाड वाटला असावा. तो काढून टाकून त्यांनी गाणं घातलं होतं.

मी रडले नाही. पण जेवलेही नाही.

आमचे हे शांतपणे म्हणाले, "तुले कायले पाहिजे पण? लग्न तं झालंच ना." नवरे लोकांना आपलं लग्न झाल्याची खात्री फार लवकर पटते.

शेवटी रिसोडच्या संघदीपकडे गेले. त्याचं मिक्सर, रेडिओ, टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे, आणि तो वस्तू उघडण्याआधी माणसाचं ऐकून घेतो. त्यानं माझी सगळी हकीकत ऐकली, बदाम आणि कबुतरांसकट, आणि म्हणाला, "काकू, कॅसेट बिघडली नाही. ती अमेरिकेची हाय. आपल्या मशीनले तिची भाषा समजून नाही राह्यली."

मग त्यानं एका बिलाच्या पाठीवर मला समजावलं. टीव्हीचं चित्र म्हणजे आडव्या रेघा. आपल्याकडे एका चित्राला सहाशे पंचवीस रेघा आणि सेकंदाला पंचवीस चित्रं. अमेरिकेत रेघा पाचशे पंचवीस आणि चित्रं तीस. रंग भरायची तऱ्हा वेगळी, पट्टी पळायचा वेगही वेगळा. म्हणून आपल्या व्हीसीआरवर अमेरिकेचं चित्र काळंपांढरं होतं, वर सरकतं, आणि आवाज जड येतो. पुण्याच्या माणसानंही साध्याच व्हीसीआरवर लावली असणार.

म्हणजे शंभर रेघा. अठ्ठावीस वर्षांची माझी अब्रू शंभर रेघांनी गेली होती. मला एकाएकी फार हलकं वाटलं. माझ्या लग्नात काही खोट नव्हती, ते फक्त दुसऱ्या देशाच्या मापानं शिवलेलं होतं. मी शिवणकाम करते, मला हे लगेच कळलं.

संघदीप म्हणाला, सगळ्या देशांच्या कॅसेटी चालवणारं मशीन लागेल. पूर्वी दुबई-मस्कतला कामाला गेलेले लोक आणायचे. आता मिळणं कठीण.

आणि मला इंझोरीचं आमचं ज्ञानदीप वाचनालय आठवलं. मी शाळा दहावीनं सोडली, पुढचं जे काही शिकले ते त्याच वाचनालयात. तिथं मस्कतहून परतलेल्या एका गृहस्थांनी गावाला व्हीसीआर भेट दिला होता. शेतीच्या फिल्मा दाखवायला. शेतीच्या फिल्मा कधी आल्या नाहीत, मशीन मात्र होतं.

वाचनालयाचे चिटणीस भाऊसिंग राठोड सर. चौथीत त्यांनी मला शिकवलं होतं. मी म्हणाले, सर, तासाभरासाठी मशीन पाहिजे. सरांनी वस्तूंच्या नोंदीचं डेडस्टॉक रजिस्टर काढलं, पान उलटलं, चष्मा वर केला. मशीन इमारतीबाहेर जाणार नाही, ते तिथंच लावावं लागेल. अर्ज द्यावा लागेल, आणि त्यात कारण लिहावं लागेल. मी लिहिलं: स्वतःचे लग्न पाहणे. सरांनी ते वाचलं आणि कागद परत केला.

"वैजयंती, दात्यानं ही वस्तू ज्ञानप्रसारासाठी दिली आहे. तुझं लग्न ज्ञानप्रसारात बसत नाही."

मी दुसरा अर्ज लिहिला: निरनिराळ्या देशांतील दूरदर्शन पद्धतींचे प्रात्यक्षिक. सर खूष झाले. अक्षरही सुधारल्याचं म्हणाले.

पण अर्जाला कार्यकारी मंडळाची मंजुरी हवी. मंडळ अकरा जणांचं, सभेला सहा तरी हवेत. अकरांपैकी तीन वारलेले, तीन मुलांकडे शहरात. उरले पाच. वारलेल्यांची नावं कमी करून नवे सभासद घ्यायचे, तर त्याला ठराव लागतो, आणि ठरावाला सहा जण. गेली नऊ वर्षं वाचनालय या जागी अडून बसलं होतं. मी रडवेली झाले. तेव्हा सरांनी नियमावलीतलं एक कलम दाखवलं. सभासद पुरेसे नसल्यानं तहकूब झालेली सभा अर्ध्या तासानं पुन्हा भरली, तर तिला संख्येची अट नाही. हे कलम नऊ वर्षं कुणाला सुचलं नव्हतं, कारण त्यासाठी अर्धा तास बसावं लागतं. सर आणि एक सभासद बसले, मी चहा आणून दिला. साडेपाचला माझं लग्न एकमतानं मंजूर झालं.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी संघदीपला सोबत नेलं. मशीनवर विणलेला रुमाल होता. तो काढला आणि संघदीप कपाळाला हात लावून खालीच बसला. मशीन कधीच वापरलं नव्हतं, पण दरवर्षी दसऱ्याला त्याची पूजा मात्र चुकली नव्हती. जिथं कॅसेट जायची त्या फटीत तीस वर्षांची झेंडूच्या पाकळ्या, आपट्याची पानं, अक्षता, हळदकुंकू आणि एक सुपारी. सर म्हणाले, फुलं ठेवायला तेवढीच जागा होती. संघदीपनं चिमट्यानं एकेक तांदूळ काढला. त्यात दोन तास गेले. मग माझी कॅसेट उघडून पट्टी हातानं पुसली आणि हळूहळू गुंडाळली. टीव्ही त्यानं स्वतःचा आणला होता, आणि सगळं लॅपटॉपमध्ये उतरवून घ्यायची सोयही.

ज्योत्स्नाला मी मुद्दाम बोलावलं होतं. तिला म्हणाले, दीडशे वेळा मी तुमचं पाहिलं, एकदा तुम्ही माझं पाहा. ती चांगलं पातळ नेसून, हातात रुमाल घेऊन आली. माझा हेतू स्वच्छ नव्हता. तिच्या वडिलांची चार मिनिटं आहेत ना, माझे बाबा पाच मिनिटं रडावेत, एवढीच माझी देवाकडे मागणी होती.

आम्ही तिघं-चौघं असू अशी माझी समजूत. पण नियमाप्रमाणे सरांनी फळ्यावर सूचना लावली होती. चाळीस माणसं आली. प्रात्यक्षिक म्हटल्यावर संघदीपला उभं राहून रेघांवर दहा मिनिटं बोलावं लागलं. एका आजोबांनी विचारलं, मग अमेरिकेतली माणसं इकडं आली तर त्यांनाही आपण असे सरकताना दिसतो काय. संघदीपनं या प्रश्नाचा विचार करून नाही म्हटलं.

मग त्यानं बटण दाबलं.

मुंग्या आल्या. निळं आलं. आणि मी आले. रंगीत. एका जागी उभी. हिरवा शालू, काडीसारखे हात, कपाळाला आठी. भटजींचा आवाज भटजींचाच होता. गावातली गेलेली माणसं पंगतीत बसून बुंदी खात होती. मागं कुणीतरी नावं घेऊन ओळखत होतं. ज्योत्स्ना हळूच म्हणाली, "केवढीशी होती वं तू." मी शेवटाची वाट पाहत होते.

पाठवणी आली. जिनिंगचं फाटक, टेम्पो, टेम्पोत माझं कपाट, पलंग, शिलाई मशीन. मी पदराच्या आत, बायकांच्या घोळक्यात. आणि बाबा टेम्पोच्या मागच्या बाजूला, सगळ्यांकडे पाठ करून, कपाटाला दोर बांधत होते.

सासूबाई खरं बोलत होत्या.

बाबांनी गाठ मारली. ड्रायव्हर चढला, गाडी चालू झाली. बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं, गाठ सोडली, पुन्हा मारली. ड्रायव्हरनं हॉर्न दिला. बाबा त्याच्याशी काहीतरी बोलले, दुसऱ्या बाजूला गेले, तिकडची गाठ सोडली. वाचनालयात माणसं हसायला लागली. माझे कान तापले. बाबांनी ती बांधली आणि परत पहिल्या गाठीकडे आले. ड्रायव्हर खाली उतरून दोर हलवून बघतो, पक्का आहे म्हणून मान हलवतो, वर चढतो. बाबा पुन्हा सोडतात. पाचव्या गाठीला वाचनालयात कुणी हसत नव्हतं. बाबांचा चेहरा एकदाही दिसला नाही. नुसती पाठ, आणि दोरावरचे हात.

ज्योत्स्ना माझ्या कानाशी बोलली, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "वैजा, तो दोर पक्का करून नाही राह्यला वं. तो टेम्पो जाऊ देऊन नाही राह्यला."

तिनं तिचा रुमाल मला दिला.

परतीच्या एसटीत ती खिडकीबाहेर पाहत बसली होती. मी मनातल्या मनात जिंकले होते. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर ते दिसलं, जे माझ्या तोंडावर नेहमी असायचं. मी ते ओळखलं. जवळची ओळख होती. पण वाशीम मागं पडल्यावर ती बोलली.

"तुले एक सांगू? माह्या बापाले तीनदा रडवलं."

मी तिच्याकडे वळले.

"पयल्यांदा रडला तेव्हा व्हिडिओवाला म्हणे, काका, उजेड नव्हता, पुन्हा घ्या. दुसऱ्यांदा त्याचा दिवा इझला. तिसऱ्यांदा तो जो रुमाल तोंडाले लावते ना, तो त्याले हासू येऊन राह्यलं म्हणून." मग म्हणाली, "पयलं रडणं खरं होतं. तेच कोनी घेतलं नाही. मी दर खेपेले पाहते, कुठं चुकून आलं असंल तं."

दीडशे वेळा मी तिच्या शेजारी बसून ते पाहिलं होतं. मला वाटायचं ती मला दाखवते आहे.

मी म्हणाले, "ताई, पोरीसाठी तीनदा कोण रडते? माह्या बापाले एकदाबी नाही जमलं." ती हसली, मग नाक पुसायला तिनं स्वतःचा रुमाल माझ्याकडून मागून घेतला.

बाबांचा व्हिडिओ मी स्टेटसला लावला नाही. ज्योत्स्नानं लावू नको असं काही सांगितलं नाही, मलाच लावावंसं वाटलं नाही. आता दुपारची भांडी झाली की तीच येते, दार लोटते आणि म्हणते, लाव. आम्ही दोघी बसतो. बाबा बांधतात, सोडतात, आम्ही मोजतो. माझ्या मोजणीत सात गाठी होतात. ती म्हणते आठ. यावरून रोज वाद. मी तिला थांबवून थांबवून दाखवलं, की बघा, सातवीनंतर टेम्पो सुटतो, पुढं गाठच नाही. ती म्हणते, टेम्पो सुटल्यावर नीट पाहा. तेव्हा मी पाहिलं. टेम्पो हलतो, आणि बाबांचा हात दोरावरच असतो, तो धरून ते फाटकापर्यंत गाडीसोबत चालत जातात. ती आठवी.

मी अजून सातच म्हणते. माझ्या बापाची एक गाठ, आणि ती आधी दिसली कुणाला, तर माझ्या जावेला. हे मला सहन होत नाही.